खिन्न मनास चालण्याचा आधार

शेतकऱ्यास व्यायामाचा उपदेश कशाला, तो दिवसभर राबतोच की, असे आमच्या पुष्कळ वाचकांस वाटेल. आम्हांसही पूर्वी तसेच वाटे.

महसूल खात्यातील नोकरी संपवून आम्ही नायगावास घरची शेती पाहू लागलो आणि पहिल्याच वर्षी काढणीस आलेले सोयाबीन पावसात सापडून काळे पडले. दुसऱ्यांच्या नुकसानीचे पंचनामे आम्ही जन्मभर लिहिले. स्वतःच्या शेताचा लिहिला गेला तेव्हा मात्र मन खचले. पहाटे तीनलाच झोप उडे, अन्न गोड लागेना, शेताकडे पाय वळेना. हा आळस नव्हे, आजार आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांनी औषध दिले व रोज अर्धा तास झपझप चालावयास लाविले.

प्रथम मारुतीच्या पारापर्यंत जाणेही जड गेले. शेजारचे काका पहाटे दारात येऊन हाक मारीत, म्हणून उठणे भाग पडे. महिन्याभराने नरसीच्या रस्त्यावर बरेच दूर जाऊ लागलो आणि झोपही परतली.

हा केवळ आमचाच अनुभव नव्हे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पन्नाशी गाठलेले १५६ खिन्न रुग्ण होते. काहींस औषध, काहींस आठवड्यातून तीनदा व्यायाम व काहींस दोन्ही दिले. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा जवळजवळ सारखीच आढळली. मात्र औषधाचा गुण लवकर आला.

मग शेतातील कष्ट पुरेत नाहीत काय? कष्ट करिताना कर्जाचा हिशेब डोक्यात चालूच असतो. शिवाय मन खचले की प्रथम कामच सुटते. ठरल्या वेळी सोबतीने घातलेल्या फेरीस पावसाची वा बाजारभावाची अट नसते. दिवसाकाठी तेवढे एक काम तरी पुरे होते.

चालण्याने कर्ज फिटत नाही, हे खरे. परंतु बँकेची पायरी चढावयास जे बळ लागते, ते त्याने येते. डॉक्टरांचे औषध मात्र आपल्या मनाने सोडू नये. जीव नकोसा वाटू लागला तर व्यायामावर विसंबून न राहता घरच्यांस सांगावे व १४४१६ या क्रमांकावर बोलावे. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी 'टेलिमानस' सेवा निःशुल्क असून रात्रंदिवस चालते. तेथे मराठीतही बोलता येते.

आणि एखादा शेजारी चार दिवस पारावर दिसला नाही, तर वाचकांनी त्याच्या दारी जाऊन "चला, फेरी मारून येऊ," एवढेच म्हणावे.