भिंतीवरची जुनी भोकं

बारामतीच्या जुन्या पेठेतला वाडा असो की इंदापूर तालुक्यातलं माळवदाचं घर, डागडुजीला हात घातला की एखाद्या कोपऱ्यात, लाकडी गोल ठोकळ्यावर बसवलेलं, आजची कुठलीच पिन न स्वीकारणारं सॉकेट समोर येऊ शकतं. वायरमन म्हणतो, ‘जुनं आहे, उखडून टाकू.’ त्याचं म्हणणं सुरक्षिततेपुरतं बरोबर आहे. पण त्या वस्तूत घराच्या विजेचा इतिहास असतो आणि तो वाचायला एक प्लास्टिकची मोजपट्टी पुरते. मेन स्विच बंद करायचा, भोकात काहीही खुपसायचं नाही, आणि दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर बाहेरूनच मोजायचं.

तीन गोल भोकं असतील तर खालच्या दोन भोकांमधलं अंतर पाहावं. 19 मिलिमीटर म्हणजे पाच अँपिअर, 25 मिलिमीटरच्या किंचित पुढे म्हणजे पंधरा. ही मापं 1934 साली प्रसिद्ध झालेल्या बीएस 546 या ब्रिटिश मानकातली. मूळ मापं इंचातली होती, पाऊण इंच आणि एक इंच. भारताने पुढे आयएस 1293 हे स्वतःचं मानक केलं, पाच-पंधराचे सहा-सोळा अँपिअर झाले, पण भोकं जागची हलली नाहीत. त्यामुळे स्वातंत्र्यापूर्वीच्या पाच अँपिअरच्या सॉकेटमध्ये आजची थ्री-पिनही बसते. मोबाइलच्या चार्जरची दोन टोकं मात्र युरोपीय मापाची, चार मिलिमीटर जाडीची असतात आणि आपलं भोक पाच मिलिमीटरच्या पिनेसाठी केलेलं असतं. चार्जर डुगडुगतो तो म्हणून.

मग न जुळणारं सॉकेट कुठलं? अंतर साडेचौदा मिलिमीटर भरलं तर ते दोन अँपिअरचं, टेबलावरचा दिवा किंवा रेडिओ यांच्यासाठी केलेलं. तेही त्याच ब्रिटिश मानकातलं, पण आपल्या घरांतून जवळजवळ नाहीसं झालेलं. दोनच भोकं असतील आणि अर्थिंगच्या तिसऱ्या भोकाला जागाच ठेवलेली नसेल, तर ते त्याहून जुन्या पद्धतीचं. व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळात एरियल आणि अर्थ यांच्यासाठीही दोन भोकांचं वेगळं सॉकेट मिळत असे. त्यात वीज नसायची. छपरावर ताणलेली तार आणि जमिनीत पुरलेली तार तिथे येऊन मिळायची. पुण्याचं आकाशवाणी केंद्र 1953 मध्ये सुरू झालं. त्या सुमारास रेडिओ घेतलेल्या घरात दोन भोकं दिसली, तर त्यांच्या मागची तार छताकडे जाते की मीटरकडे, हे आधी पाहायला हवं.

पंधरा अँपिअरचं मोठं सॉकेट घरात एकटंच, स्वतंत्र तारेवर असण्याचंही कारण आहे. दिवे-पंख्यांची वीज आणि शेगडी-इस्त्रीची वीज यांचे दर पूर्वी अनेक शहरांत वेगळे असत, म्हणून मीटरही वेगळे. ‘लाइट’ आणि ‘पॉवर’ ही आपल्या वायरमनच्या तोंडची जोडी त्याच व्यवस्थेला धरून आहे. ज्यांना पॉवरचा खर्च परवडत नसे ते बल्बच्या होल्डरमध्येच प्लग अडकवून इस्त्री चालवत. ही अतिशय धोक्याची सवय होती.

काळ ठरवताना गावाचा इतिहास हाताशी ठेवावा. मुंबई राज्याचं वीज मंडळ 1954 मध्ये आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये स्थापन झालं. खेड्यापाड्यांत वीज मोठ्या प्रमाणावर पोचली ती या मंडळांच्या काळात. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचं उदाहरण निराळं. तिथला साखर कारखाना 1930च्या दशकातला, आणि साखर कारखाने उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटवून स्वतःची वीज करतात. दोन अँपिअरचं किंवा दोन भोकांचं जुनं सॉकेट शोधायचं तर मी आधी अशा कारखान्याच्या वसाहतीत शोधेन. उलट, उजनी धरणामुळे उठून पुन्हा वसलेल्या गावांतली घरं धरणाच्या बांधकामाच्या काळातली, म्हणजे मुख्यतः 1970च्या दशकातली. तिथे त्याआधीचं सॉकेट दिसलं तर ते जुन्या घराच्या सामानाबरोबर आलेलं असण्याची शक्यता जास्त.

आता धोक्याविषयी, कारण खरी काळजी तिथेच आहे. जुनी वायर रबराची, वर सुती विणीची, आणि सागवानी केसिंग-कॅपिंगमधून नेलेली. हे रबर वाळून ठिसूळ होतं आणि सॉकेट खोलताना नुसत्या हालचालीने गळून पडतं. जुन्या जोडणीत फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर किटकॅट फ्यूज असे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पण सॉकेटमध्ये फेज जिवंत राहतो. घरच्यांना वाटतं, वीज गेली आहे. मोठं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असंही समजू नये. पुष्कळ घरांत ते भोक रिकामंच असतं, मागे तार नसते. जिथे तार आहे तिथेही ती कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उतरते, आणि खड्ड्यातला ओलावा आटला की अर्थिंगचा रोध वाढतो. बारामती-इंदापूरच्या जिरायती भागातले उन्हाळे पाहता या खड्ड्यात पाणी घालणं आणि अर्थिंग मोजून घेणं चुकवू नये.

म्हणून माझं सांगणं एवढंच. असं सॉकेट दिसलं की आधी मोजा, फोटो काढा, मागे काही छाप किंवा आकडे असतील तर लिहून ठेवा. परवानाधारक वायरमनकडून त्याची जोडणी मेनपासून कायमची तोडून घ्या आणि नवी वायर स्वतंत्र ओढा. त्यानंतर ते सॉकेट भिंतीवर तसंच राहू द्यायला हरकत नाही. भंगारात मात्र घालू नका.