अप्रेझलचा आकडा नक्की कोणाच्या प्रश्नाचं उत्तर असतो?

माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये एक वाक्य होतं: 'घराची खरी किंमत म्हणून अप्रेझलची किंमत घेतली आहे.' गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता. 'हा आकडा काढणाऱ्याला सौद्याची किंमत आधीच माहीत होती का?' मला उत्तर माहीत नव्हतं. डेटा हातात येऊन तीन महिने झाले होते, रिग्रेशन चालवून झालं होतं, आर-स्क्वेअर इतका देखणा आला होता की मी त्याचा स्क्रीनशॉट मैत्रिणीला पाठवला होता. आणि मुळात तो आकडा तयार कसा होतो, हेच मी विचारलं नव्हतं.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर ही चूक तुमच्याही वाट्याला येईल, विषय कुठलाही असो. म्हणून माझंच उदाहरण नीट उलगडून सांगते.

माझा विषय अमेरिकेतल्या माजी सैनिकांची गृहकर्जं. १९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असतानाच, तिथे एक कायदा झाला. त्याला बोलीभाषेत 'जीआय बिल' म्हणतात. परत येणाऱ्या सैनिकांना शिक्षण, बेकारभत्ता आणि घरासाठी कर्ज मिळावं, हा त्याचा हेतू. यातल्या घराच्या भागाबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो, की सरकार कर्ज देतं. तसं नाही. कर्ज बँक किंवा खासगी कर्जसंस्था देते. माजी सैनिकांचं खातं, म्हणजे 'व्हीए', त्या कर्जाच्या काही भागाची हमी घेतं. ही हमी असल्यामुळे पात्र सैनिकाला बहुतेक वेळा डाउन पेमेंट न भरता घर घेता येतं.

आता बँकेच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घेणाऱ्याने पदरचे पैसे जवळजवळ घातलेले नाहीत. उद्या हप्ते थकले तर हातात उरणार ते घरच. मग पहिला प्रश्न काय पडेल? 'हे घर एवढ्या किमतीचं आहे का?' अप्रेझल या प्रश्नाचं उत्तर देतं. प्रश्न बँकेचा आणि हमीदाराचा आहे, राहणाऱ्याचा नाही, हे इथेच लक्षात ठेवा.

या कर्जात अप्रेझर बँकेला स्वतःच्या पसंतीने निवडता येत नाही. बँक मागणी नोंदवते आणि व्हीए आपल्या यादीतल्या अप्रेझरकडे काम सोपवतं. तो घरी येतो, मापं घेतो, फोटो काढतो, आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तशाच घरांशी तुलना करून किंमत ठरवतो. शिवाय व्हीएच्या किमान अटी बघतो: घर सुरक्षित आहे का, बांधकाम भक्कम आहे का, राहणं आरोग्याला धोक्याचं नाही ना. पाणी, सांडपाणी, हीटिंग, छप्पर, वाळवीच्या खुणा. १९७८च्या आधीचं घर असेल आणि रंगाचे पापुद्रे निघत असतील तर तो ते हमखास लिहितो, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.

हे वाचून वाटतं ना, की घर तपासून झालं? घेणाऱ्यांनाही तसंच वाटतं. इथे खरा घोळ आहे.

होम इन्स्पेक्शन ही पूर्ण वेगळी गोष्ट. इन्स्पेक्टर घेणाऱ्याने स्वतः नेमायचा, काहीशे डॉलर स्वतः द्यायचे, आणि अहवाल मिळतो तोही त्यालाच. व्हीए हे सक्तीचं करत नाही, पण अप्रेझल म्हणजे इन्स्पेक्शन नव्हे, असं स्वतःच बजावतं. इन्स्पेक्टर दोन-तीन तास घरात असतो. विजेचं पॅनल उघडतो, नळ सोडून बघतो, फर्नेस चालू करून तिचं वय विचारतो, तळघराच्या भिंतींवर ओल शोधतो. वेगळे पैसे दिले तर ड्रेनेजच्या पाइपात कॅमेराही घालता येतो. अप्रेझर यातलं बरंच काही करत नाही, कारण ते त्याचं कामच नाही. खिडकीच्या चौकटीवरचा सुटलेला रंग त्याच्या अहवालात येईल; अंगणाखालच्या पाइपात शिरलेली झाडाची मुळं येणार नाहीत. त्या पाइपाचं काम निघालं तर खर्च हजारो डॉलरमध्ये जातो, आणि डाउन पेमेंटशिवाय घर घेणाऱ्या कुटुंबाकडे तेवढी शिल्लक असेलच असं नाही.

एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. या कर्जाच्या खरेदी करारात एक सुटकेचं कलम घालावंच लागतं. व्हीएने ठरवलेली किंमत सौद्यापेक्षा कमी निघाली तर घेणारा इसाराची रक्कम न गमावता बाहेर पडू शकतो. पण हे कलम किमतीपुरतं आहे. इन्स्पेक्शनमध्ये पाया खचलेला निघाला, तर त्यासाठी करारात वेगळी अट असावी लागते. बाजार तेजीत असला की विकणाऱ्याला खूश करायला लोक नेमकी तीच अट सोडून देतात. 'सरकारचा माणूस येऊन बघून गेलाय की', या भरवशावर अट सोडली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आता मॅडमच्या पेन्सिलीकडे वळू. हो, अप्रेझरला सौद्याची किंमत माहीत असते. खरेदीचा करार त्याला दिला जातो आणि त्याचा विचार करणं हा तिथल्या व्यावसायिक नियमांचाच भाग आहे. म्हणजे दोन स्वतंत्र मोजमापं नाहीतच. दुसरं मोजणाऱ्याने पहिल्याचं उत्तर आधी बघितलेलं आहे. याचा परिणाम किती होतो? १९८७ मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना आणि अनुभवी एजंटांना एकच घर दाखवलं, माहितीही तीच दिली, फक्त मागितलेली किंमत वेगवेगळी सांगितली. दोन्ही गटांचे अंदाज त्या किमतीकडे झुकले. गंमत म्हणजे, आपण ती किंमत विचारात घेतली हे मान्य करायला एजंट फारसे तयार नव्हते. हा प्रयोग व्हीएच्या अप्रेझरवर झालेला नाही, हे खरं. पण शंका घ्यायला पुरेसा आहे. पुढे २०१५ मध्ये कॅलेम, लॅम्बी-हॅन्सन आणि नाकामुरा यांनी खरेदीच्या अप्रेझलांचा अभ्यास केला. त्यांना ९० टक्क्यांहून जास्त अप्रेझलं सौद्याच्या किमतीइतकी किंवा तिच्या वर आढळली.

व्हीएच्या कर्जात याच्यावर आणखी एक थर आहे, आणि मला तो सगळ्यात रंजक वाटतो. त्याचं नाव 'टाइडवॉटर', व्हर्जिनियातल्या त्याच नावाच्या किनारी भागावरून पडलेलं. अप्रेझरला आपला आकडा सौद्यापेक्षा कमी येणार असं दिसलं, तर तो अहवाल देण्याआधी ठरलेल्या व्यक्तीला कळवतो. दोन कामाच्या दिवसांत जास्त चांगली तुलनेची विक्री दाखवायची संधी मिळते. यात काळंबेरं काही नाही. अप्रेझरच्या नजरेतून एखादी विक्री सुटू शकते, आणि चुकीच्या कमी आकड्यामुळे एखाद्या कुटुंबाचं घर हातचं जाऊ शकतं. पण डेटाच्या दृष्टीने बघा: रकान्यात बसतो तो शेवटचा आकडा. कमी येऊ घातलेला पहिला अंदाज त्या रकान्यात नसतो.

म्हणून तुमच्याकडे असा डेटा आला तर रिग्रेशनच्या आधी एक साधा आलेख काढा: अप्रेझल भागिले सौद्याची किंमत. दोन्ही बाजूंना सारखी उतरणारी टेकडी दिसली असती, तर 'मोजमापातली यादृच्छिक चूक' हे आपलं पुस्तकी गृहीतक चाललं असतं. मला दिसला तो १ वर उभा राहिलेला खांब, उजवीकडे थोडी उतरण आणि डावीकडे जवळजवळ काही नाही. माझा तो देखणा आर-स्क्वेअर म्हणजे एकाच आकड्याची स्वतःशी झालेली भेट होती.

घराच्या अवस्थेचं तर विचारूच नका. अप्रेझर सी-१ ते सी-६ अशी श्रेणी देतो. सी-६ म्हणजे सुरक्षिततेला किंवा बांधकामाला बाधा येईल इतकं नुकसान. पण किमान अटींमुळे अशी घरं या कर्जातून जवळपास गाळलीच जातात. शिवाय दुरुस्तीच्या अटीवर अप्रेझल असेल तर किंमत 'दुरुस्ती झाली आहे' असं धरून काढलेली असते. वर, इन्स्पेक्शन अनेकदा अप्रेझलच्या आधी होतं. ज्यांनी अहवाल वाचून सौदा मोडला, त्यांची घरं मंजूर कर्जांच्या माझ्या फाइलपर्यंत पोचलीच नाहीत. आणि ज्यांनी मोडला नाही, त्यांचे अहवाल त्यांच्या ईमेलमध्ये आहेत.

प्रपोजलमधलं ते वाक्य आता असं आहे: 'अप्रेझलची किंमत म्हणजे सौद्याची किंमत माहीत असताना, कर्जदात्यासाठी दिलेलं मत.' मॅडमनी या वेळी खाली लिहिलं, 'ठीक. मग घराची अवस्था कशाने मोजणार?' सध्या मी खरेदीनंतरच्या दोन वर्षांत काढलेली दुरुस्तीची परमिटं बघते आहे. बऱ्याच शहरांची ती सार्वजनिक असतात. फर्नेस, छप्पर, ड्रेनेज, सगळ्यांची वेगळी नोंद मिळते. अडचण एवढीच, की हाताशी पैसे नसलेला माणूस परमिट न काढता मेव्हण्याला बोलावून काम उरकतो, किंवा गळतं छप्पर तसंच ठेवतो. म्हणजे ज्यांचं नुकसान सर्वांत जास्त, तेच पुन्हा माझ्या डेटातून गायब. यावर पुढच्या गुरुवारी मीटिंग आहे.