खचलेले मन आणि ख्रिस्ती श्रद्धा

खचून जाणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असा समज श्रद्धाळू माणसांत सहज रुजतो. बायबलमध्ये त्याला आधार सापडत नाही. त्यातल्या संदेष्ट्यांनी मरण मागितले आहे, देवाला जाब विचारला आहे. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८ वे स्तोत्र तर शेवटपर्यंत उजळत नाही, अंधारातच संपते. असे स्तोत्र उपासनेच्या ग्रंथात जपले गेले, कारण देवापुढे मांडलेले गाऱ्हाणे ही प्रार्थनाच मानली गेली.

निराशेवरच्या उपायांची सर्वांत बोलकी कथा राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया राणी ईजबेलच्या धमकीने रानात पळतो आणि एका झुडपाखाली पडून मरण मागतो. देव त्याला रागे भरत नाही. आधी झोप, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा अन्न. त्यानंतर होरेब डोंगरापर्यंत लांबची चाल होते आणि तिथे त्याची तक्रार पूर्ण ऐकून घेतली जाते. मी एकटाच उरलो, असे एलीया सांगतो. त्याच्यासारखे ७,००० जण इस्राएलात आहेत, हे त्याला कळते. शेवटी नवे काम मिळते आणि अलीशासारखा सोबती मिळतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापुरात कापून ठेवलेले भात परतीच्या पावसात भिजते, खोपोलीच्या कारखान्यातले कंत्राट संपते, तरुणांचा निम्मा दिवस मुंबईच्या लोकलमध्ये जातो. अशा थकलेल्या माणसाला उपदेश ऐकवण्याआधी जेवण आणि विश्रांती मिळाली पाहिजे, हे या कथेतून घ्यावे.

दुःख डोंगराएवढे असते तेव्हा शब्दच तोकडे पडतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ठाकर समाजाची ती वाडी मातीखाली गेली. कित्येकांचे मृतदेह मिळालेच नाहीत. असा शोक कोणत्याही धर्माच्या दारात येऊ शकतो. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. ते त्यांनी योग्यच केले. नंतर त्यांनी तोंड उघडले आणि हे दुःख तुझ्या पापाचे फळ आहे, असे सांगू लागले. त्यांचे हे बोलणे देवाने शेवटी चुकीचे ठरवले. दुखावलेल्याला त्याच्या दुःखाचे कारण पटवून देऊ पाहणाऱ्या प्रत्येक मंडळीने हे प्रकरण वाचावे.

ख्रिस्ती श्रद्धेची मराठी मातीतली कसोटी पाहायची तर पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या काळात गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती; तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यामुळे संकटे थांबली नाहीत. विधवांसाठी १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून सल्लागार मंडळातले मान्यवर बाजूला झाले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. संस्था मोडेल असे वाटण्याजोगा तो काळ होता. रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य भारतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि विधवा आणल्या व दौंडजवळ केडगावच्या शेतावर त्यांना आसरा दिला. तिथेच मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळाने घर मोडलेल्या बाईने दुष्काळातल्याच मुलींना घर दिले, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. १९२१ मध्ये त्यांच्या कामाची वारसदार मनोरमाही गेली. बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत आणण्याचे काम तेव्हाही रमाबाईंनी सोडले नाही. ते पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

मात्र प्रत्येक निराशेवर काम हाच उपाय नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप आणि भूक हरपली, कशातच मन रमेनासे झाले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यासाठी डॉक्टरकडे जाणे हा अविश्वास नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौलाने प्रिय वैद्य म्हटले आहे. घरातले कोणी अशा अवस्थेत असेल तर त्याला एकटे सोडू नये. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, त्यावर दिवसरात्र समुपदेशकाशी बोलता येते.