मे महिन्याच्या उन्हासाठी परसातला मांडव

पर्गोला म्हणजे कायमचा मांडव: चार खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या पट्ट्या आणि छप्पर नाही. पाऊस तो अडवत नाही, ते त्याचे कामही नाही. त्याने द्यायची ती सावली. महाराष्ट्रात ती सगळ्यात जास्त लागते मे महिन्यात, म्हणून आखणी त्या उन्हापासूनच सुरू करावी लागते.

पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला, भरदुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो. उभ्या पट्ट्यांच्या फटींतून तेव्हा ऊन सरळ खाली उतरते. पट्टी कितीही रुंद असली तरी त्या वेळी तिची सावली तिच्या जाडीएवढीच पडते. युरोप-अमेरिकेतील चित्रे पाहून बांधलेले मांडव इथे फसतात ते यामुळेच. तिथे सूर्य भर उन्हाळ्यातही दक्षिणेला कललेला असतो. इथे सूर्य पूर्वेकडून डोक्यावर येऊन पश्चिमेला उतरतो, म्हणून पट्ट्या उत्तर-दक्षिण टाकाव्यात. चार इंच उंचीची पट्टी उभी ठेवून दोन पट्ट्यांत चार इंचांची फट राखली, तर पावणेचारच्या सुमारास, सूर्य ४५ अंशांवर उतरला की, फटी पूर्ण सावलीत येतात. संध्याकाळच्या चहासाठी एवढे पुरते. दुपारसाठी मात्र वेलच हवा. लाकूड कितीही चांगले असले तरी वेलाचे काम ते करू शकत नाही.

कोणता वेल, यावर मांडवाचे वजन आणि उंची ठरते. द्राक्षाचा मोह अनेकांना पडतो. पण इटलीत हिवाळ्यात पाने गाळून उन्हाळ्यात सावली देणारा हा वेल महाराष्ट्रात एप्रिलच्या खरड छाटणीने उघडा होतो आणि ऐन उकाड्यात नव्या फुटीची वाट पाहायला लावतो. सावलीसाठी मधुमालती उत्तम. ती दाट वाढते, पण जडही होते. जाई हलकी आणि सुवासिक. तोंडली वर्षानुवर्षे टिकते आणि स्वयंपाकघरालाही उपयोगी पडते. दोडका, कारली, पडवळ जूनमध्ये लावले की पावसाळ्यात मांडव भरतात, उन्हाळ्यासाठी त्यांचा भरवसा नाही. लोंबणाऱ्या फळांखालून माणसाला ताठ चालता यावे म्हणून तुळईच्या खालच्या कडेपर्यंत आठ फूट उंची ठेवणे बरे.

सामानात सागाला तोड नाही, पण तो महाग. बांबूत सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव असल्याने पट्ट्यांसाठी चांगला. मात्र प्रक्रिया न केलेल्या बांबूला भुंगा लागतो, आणि तो मातीत पुरला तर दोन-तीन वर्षांत खालून कुजतो. लोखंडी चौकोनी पाइप स्वस्तात पडतो आणि वाळवीची काळजी मिटते. पाइपांची वरची तोंडे टोपण वेल्ड करून बंद करावीत, नाहीतर आत पाणी साचून गंज आतून खातो. उन्हात तापलेल्या लोखंडावर कोवळे शेंडे होरपळतात, म्हणून वेल चढवण्याच्या जागी काथ्या गुंडाळून घ्यावा.

पायात चूक झाली तर ती वर दुरुस्त होत नाही. दहा फूट बाय दहा फुटांची जागा दोरीने आखली की दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे, म्हणजे १४ फूट पावणेदोन इंचांच्या जवळपास भरले, तर आखणी गुण्यात आहे. खड्डे दीड फूट चौरस आणि अडीच फूट खोल. काळ्या मातीत एवढ्यावर थांबू नये. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हळूहळू कलतात, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावे. जांभ्यात खणायला घाम निघतो, पण खांब पक्का बसतो. तळाशी खडीचा थर, त्यावर १:२:४ काँक्रीट. लाकडी खांब काँक्रीटमध्ये कधीही पुरू नये. जमिनीच्या पातळीवर ओल आणि हवा दोन्ही मिळतात, आणि लाकूड नेमके तिथेच कुजते. त्याऐवजी काँक्रीटमध्ये लोखंडी पट्ट्या रोवून खांब जमिनीपासून दोन इंच वर बोल्टने धरावा. खांब ओळंब्यात आहे हे दोन बाजूंनी तपासावे आणि काँक्रीटला सात दिवस पाणी मारावे.

तुळई आणि खांब यांच्या जोडावर तिरके टेकू हवेतच. पानांनी भरलेला मांडव वळवाच्या वाऱ्यात शिडासारखा ओढला जातो. तो दबण्यापेक्षा उचलला जाण्याचा धोका जास्त. म्हणून खिळ्यांऐवजी आरपार बोल्ट आणि मोठ्या वायसर वापराव्यात.

वेल जूनमध्ये, खांबापासून फूटभर बाहेर लावावा आणि काथ्याने वर न्यावा. तो भरेपर्यंतचा उन्हाळा झावळ्यांवर किंवा शेडनेटवर निभावतो. कोकणात खळ्यातला मांडव पाऊस सरल्यावर घालून मिरगाआधी उतरवतात. तीच रीत या तात्पुरत्या सावलीलाही लावावी, नाहीतर पावसात भिजलेले ओझे तुळयांवर राहते.

पुढे काम थोडेच उरते. लाकडाला दरवर्षी पावसाळ्याआधी तेल, लोखंडावर गंज दिसेल तिथे घासून रेड ऑक्साइड आणि रंग, बोल्टांची आवळणी. मधुमालतीची मोठी छाटणी पावसाळ्याच्या शेवटी करावी, म्हणजे मार्चपर्यंत नवी फूट पुन्हा दाटते.