मिश्र त्वचा आणि किशोरवयातील मुरुम: काय लावावे, काय टाळावे

कपाळ आणि नाक तासाभरात तेलकट होते, पण गाल मात्र धुतल्यावर ताणल्यासारखे वाटतात आणि पांढरट पडतात. अशा त्वचेवर मुरुम आले की नेमके काय लावावे ते कळत नाही. तेलकट त्वचेचा फेसवॉश वापरला तर गालांची आग होते. गालांसाठी जाड क्रीम लावली तर कपाळावर पुटकुळ्या वाढतात. हिला मिश्र त्वचा म्हणतात आणि किशोरवयात ती अगदी सामान्य आहे.

परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या गावात राहत असाल, तर आणखी एक अडचण असते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचे म्हणजे सेलू किंवा परभणी गाठायची, शाळा आणि घरच्यांची मजुरी बुडवायची. म्हणून पहिला सल्ला मेडिकल दुकानात, मैत्रिणीकडे किंवा मोबाईलवरच्या व्हिडिओतून घेतला जातो. तिथून हाती येणारी क्रीम कधीकधी मुरुमांपेक्षा जास्त नुकसान करते. घरी काय करता येते, औषध कसे लावायचे आणि कोणती ट्यूब चेहऱ्याला अजिबात लावायची नाही, ते पाहू.

मुरुम का येतात?

वयात येताना शरीरात ॲन्ड्रोजेन हार्मोन वाढतात, मुलांमध्ये आणि मुलींमध्येही. त्यामुळे त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल तयार करतात. हे तेल आणि मृत पेशी मिळून रोमछिद्राचे तोंड बंद करतात. तोंड बंद राहिले तर पांढरा दाणा दिसतो, उघडे राहिले तर काळा. हा काळा ठिपका म्हणजे मळ नसतो, त्यामुळे घासून तो जात नाही. आत साठलेल्या तेलात त्वचेवरचेच जंतू वाढतात, सूज येते आणि लाल, दुखरा, पू असलेला मुरुम तयार होतो.

कपाळ, नाक आणि हनुवटी या भागात तैलग्रंथी जास्त असतात, गालांवर कमी. म्हणून एकाच चेहऱ्यावर दोन प्रकारची त्वचा दिसते. चेहरा नीट न धुतल्याने किंवा ‘रक्त खराब झाल्याने’ मुरुम येत नाहीत. आई-वडिलांना तरुणपणी खूप मुरुम आले असतील, तर मुलांनाही येण्याची शक्यता वाढते.

रोजची काळजी

चेहरा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने धुवा. शेतातून किंवा खेळून घामाघूम होऊन आलात तर आणखी एकदा साध्या पाण्याने धुवा. अंगाचा किंवा कपड्याचा साबण चेहऱ्याला नको. सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश वापरत असाल तर तो कपाळ, नाक, हनुवटीवर फिरवा आणि गालांवरून लगेच धुवून टाका.

तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर लागत नाही, हा गैरसमज आहे. मुरुमांची बहुतेक औषधे त्वचा कोरडी करतात. मॉइश्चरायझर नसेल तर गालांची आग होते आणि मुले आठवड्याभरात औषध सोडून देतात. डब्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ म्हणजे रोमछिद्रे बंद न करणारे, असे लिहिलेले हलके जेल किंवा लोशन घ्या. गालांवर ते नीट लावा, कपाळावर अगदी पातळ. हिवाळ्यात गालांवर दोनदा लावावे लागेल.

सकाळी बाहेर पडताना एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त असलेले जेल सनस्क्रीन लावा. आपल्या सावळ्या त्वचेवर मुरुम बरा झाल्यावर काळा डाग राहतो आणि उन्हाने तो गडद होतो. परभणीकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात हे जास्त जाणवते. तोंडाला स्टोल बांधत असाल तर तो सुती असू द्या आणि रोज धुवा.

केसांच्या तेलाकडेही लक्ष द्या. रोज चोपडून तेल लावले की ते कपाळावर उतरते आणि केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या येतात. तेल लावायचेच असेल तर धुण्याआधी दोन तास लावा आणि उशीची खोळ दर दोन-तीन दिवसांनी बदला.

औषधे कशी लावायची?

सौम्य मुरुमांसाठी दोन औषधे सर्वात उपयोगी आहेत. ती डॉक्टरांना विचारून सुरू करा.

बेन्झॉइल पेरॉक्साइड (2.5 टक्के) जंतू आणि सूज कमी करते. जास्त टक्क्यांच्या जेलने फायदा फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. या औषधाने रंगीत कपड्याचा रंग उडतो. म्हणून ओढणी आणि टॉवेल जपा.

ॲडापलीन (0.1 टक्के) बंद रोमछिद्रे उघडते आणि नवे मुरुम येऊ देत नाही. ते फक्त रात्री लावायचे. चेहरा धुऊन कोरडा होऊ द्या. वाटाण्याएवढे जेल घ्या आणि डोळे, ओठ व नाकपुड्यांचे कोपरे सोडून मुरुम येणाऱ्या सगळ्या भागावर पसरा. फक्त पुटकुळीवर ठिपका लावला तर उपयोग होत नाही, कारण उद्याचा मुरुम आज न दिसणाऱ्या जागी तयार होत असतो. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा. मिश्र त्वचा असेल तर गालांवर आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर औषध लावावे, म्हणजे आग कमी होते. गर्भवती स्त्रीने हे औषध वापरू नये.

फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत मुरुम थोडे वाढल्यासारखेही वाटू शकतात. याच काळात बहुतेकजण ट्यूब बदलतात आणि पुन्हा सुरुवातीला येतात. दर महिन्याला एकाच जागी, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा. आरशात रोज न दिसणारा फरक त्यात दिसतो.

क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक जेल एकटे लावू नये, जंतू त्याला दाद देईनासे होतात. ते बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबतच द्यायचे असते. मुरुम जास्त असतील तर डॉक्टर काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. खोल गाठी आणि खड्डे पडणाऱ्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे परिणामकारक औषध आहे, पण ते रक्ततपासणी करून आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे. गरोदरपणात त्याने बाळात गंभीर व्यंग होते.

ही ट्यूब चेहऱ्याला लावू नका

दुकानात ‘डाग, मुरुम, गोरेपणा, सगळ्यावर चालते’ म्हणून मिळणाऱ्या अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असते. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले तर ती मुरुमांसाठी नाही.

फसगत होते ती सुरुवातीच्या परिणामामुळे. चार-पाच दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो. लग्नसराई किंवा फोटो जवळ आला की ही ट्यूब म्हणूनच हातोहात फिरते. पण काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि एकसारख्या आकाराचे असंख्य दाणे येतात. क्रीम थांबवली की चेहरा भडकतो, म्हणून ती पुन्हा लावली जाते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले. तुम्ही अशी क्रीम महिनोन्‌महिने लावत असाल तर स्वतःला दोष देत बसू नका, पण ती सोडताना डॉक्टरांची मदत घ्या.

लेबल नसलेल्या गोरेपणाच्या क्रीमपासूनही दूर राहा. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना अशा क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात केलेल्या शोधात कारण निघाले क्रीममधील पारा.

लिंबू, टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावू नका, त्वचा भाजते आणि डाग पडतात. मुरुम फोडू नका. फोडल्याने राहिलेला खड्डा आयुष्यभर राहू शकतो.

खाण्याचा संबंध आहे का?

थोडा आहे. गोड पेये, बिस्किटे, मैद्याचे पदार्थ आणि व्यायामशाळेतील व्हे प्रोटीनची पावडर यांनी काहींचे मुरुम वाढतात. दुधाने वाढल्याचेही काहींना जाणवते. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी हे नेहमीचे जेवण सोडायची गरज नाही. शेंगदाण्याची चटणी किंवा तिखट खाल्ल्याने मुरुम येतात, याला ठोस आधार नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पुढीलपैकी काही असेल तर वाट पाहू नका:

• खोल, दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडू लागले आहेत.
• छाती व पाठीवरही खूप मुरुम आहेत.
• तीन महिने नीट उपचार करूनही फरक नाही.
• मुलीची पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर जाड केस येत आहेत. ही पीसीओएसची लक्षणे असू शकतात.
• कपाळावर खूप खाज येणारे, एकसारखे बारीक दाणे आहेत. ते बुरशीचे असू शकतात आणि त्यांचा उपचार वेगळा असतो.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालते, तिथे पाळी, त्वचा आणि मनातल्या शंकाही विचारता येतात. ई-संजीवनी सेवेवरून मोबाईलद्वारे डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळतो. जाताना किंवा बोलताना आजवर लावलेल्या सर्व ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, जवळ ठेवा. अर्धे निदान त्यांवरूनच होते.

पालकांसाठी एक विनंती. ‘वय झाले की जातील’ हे वाक्य नेहमी खरे ठरत नाही, आणि तोवर पडलेले खड्डे जात नाहीत. चेहऱ्यावरून घरात थट्टा करू नका. मूल शाळेत जायला टाळत असेल, कोणाला भेटत नसेल, जेवत नसेल तर मुरुमांइतकेच त्याकडेही लक्ष द्या. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर केव्हाही मराठीत बोलता येते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. कोणतेही औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.