सुताची सपात

नागपूरची थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची. पहाटे पारा कधी कधी दहाच्या खाली उतरतो, फरशीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही आणि दुपारी मात्र ऊन चटकतं. अशा हवेत लोकरीत पाय घामेजतो. म्हणून महाल भागातल्या ज्या काकूंकडे मी क्रोशाच्या सपाता शिकायला बसते, त्या लोकरीला हातच लावत नाहीत. त्यांचं सगळं काम सुताचं. कापसाच्या मुलखात हेच शोभतं, असं माझंही मत झालंय. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली, ती भोवतालचा कापूस पाहूनच. केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही १९७६पासून नागपुरातच आहे.

पण सुताचा स्वभाव वेगळा. लोकर ताणली तरी जागेवर येते. सूत सैलावलं की धुतल्याशिवाय आवळत नाही. त्यामुळे सगळी भिस्त तळावर. काकू आधी पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतात. पाऊल चोवीस सेंटिमीटर भरलं, तर तळ तेवीसचाच धरायचा. वापरात तो पायापुरता होतो. सुरुवातीची साखळी मात्र तेवीसची घालायची नाही. त्यातून तळाची रुंदी वजा करायची, म्हणजे उरतात साधारण चौदा. वीण साखळीभोवती फिरत जाते, तेव्हा तळ दोन्ही टोकांनाही वाढतोच.

सूत दुहेरी घ्यायचं, सुई मात्र त्या मानाने बारीक. टाचेकडे मुके खांब, चवड्याकडे खांब. खांब उंच, त्यामुळे चवडा आपसूक रुंद होतो. खरी परीक्षा टोकाच्या वळणावर. तिथे एकाच घरात तीन-तीन टाके वाढवावे लागतात. कमी पडले तर तळ वाटीसारखा वर वळतो, जास्त झाले तर कडेला चुण्या पडतात. फेरी संपली की काकू तळ पाटावर ठेवतात, तळहाताने दाबतात, कडेवरून बोट फिरवतात. कुठे उचललेलं लागलं की लगेच उसवतात. “तळ आधी, नक्षी मागून,” एवढंच म्हणतात.

दुसऱ्या पायाचा तळ त्या शक्यतो त्याच बैठकीत घेतात. उद्यावर टाकला तर हात सैल किंवा घट्ट बसतो आणि टाके तेवढेच असूनही जोड विजोड होतो. हे मला फार पटलं. वरचा भाग त्यानंतर भराभर उरकतो.

चरख्याचं सूतही चालतं. ते एकेरी आणि बारीक असतं, म्हणून त्याचे बरेच पदर एकत्र पिळून घ्यावे लागतात. वेळ जातो, पण पायाला ते फार मऊ लागतं. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८पासून अशाच ग्रामोद्योगांसाठी उभं आहे. तिथली खादी एकदा हातात घेऊन बघावी.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गुळगुळीत टाइल्सवर सुती तळ सरकतो. घरात वयस्क माणूस असेल तर मोच्याकडून खाली पातळ रबर किंवा चामडं शिवून घ्याच.

आणि विकत घेणार असाल तर फुलं-गोंडे बघू नका. सपात उलटी करा, तळ दाबा, दोन्ही जोडून मापा. वीण घट्ट आणि सपाट असेल, तर बाई सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या.