नाडी न लागणाऱ्या रुग्णाला भूल देताना

हृदयाचा डावा कप्पा निकामी झालेल्या रुग्णांना यांत्रिक पंपामुळे आता अनेक वर्षे जगता येते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ‘हार्टमेट २’ या पंपाला २००८ मध्ये आणि ‘हार्टमेट ३’ ला २०१७ मध्ये प्रथम मान्यता दिली. आयुर्मान वाढल्याने अशा काही रुग्णांवर पोटातील महाधमनीच्या फुगवट्यासारख्या मोठ्या शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते. त्या वेळी भूलतज्ज्ञांची कसोटी लागते.

हे पंप रक्त सतत पुढे ढकलतात. त्यामुळे रुग्णाची नाडी अनेकदा हाताला लागत नाही, दंडावरील पट्ट्याने रक्तदाब नीट मोजता येत नाही आणि बोटावरील प्राणवायूमापकही फसवा ठरू शकतो. म्हणून मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून सरासरी रक्तदाबावर सतत लक्ष ठेवले जाते. तो साधारणपणे ७० ते ९० मिलिमीटरच्या दरम्यान राखला जातो. अन्ननलिकेतून केलेल्या सोनोग्राफीमुळे हृदयाचे कप्पे प्रत्यक्ष पाहता येतात.

पंपापर्यंत जेवढे रक्त पोहोचते, तेवढेच तो पुढे पाठवू शकतो. रक्तस्राव झाल्यास डावा कप्पा रिकामा होऊन त्याची भिंत पंपाच्या तोंडाशी ओढली जाते. अशा वेळी पंपाची गती वाढवणे घातक ठरू शकते. महाधमनीला चिमटा लावताच पुढचा अवरोध वाढतो आणि पंपातील प्रवाह घटतो. चिमटा काढताच रक्तदाब कोसळतो. शिवाय पायांकडून परतणाऱ्या आम्लयुक्त रक्तामुळे फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि पंपाचा आधार नसलेल्या उजव्या कप्प्यावर ताण येतो. त्यामुळे चिमटा हळूहळू सोडला जातो, तसेच द्रव, औषधे आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास यांचा मेळ साधला जातो. शक्य असेल तेथे जांघेतील धमनीतून कृत्रिम नलिका बसवण्याचा पर्याय निवडल्यास हा चिमटा टाळता येतो.

या रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतात. ती सुरूच ठेवली तर रक्तस्रावाचा आणि अधिक काळ थांबवली तर पंपात गुठळी होण्याचा धोका असतो. याच कारणाने पाठीच्या कण्यात सुई देऊन भूल देणे सहसा टाळले जाते.

पंप विजेवर चालत असल्याने शस्त्रक्रियागृहात राखीव बॅटरी आणि पंपाची माहिती असलेला तज्ज्ञ उपस्थित असणे आवश्यक असते. म्हणूनच कोणतीही नियोजित शस्त्रक्रिया ठरवताना रुग्णाने किंवा नातेवाइकांनी पंप बसवलेल्या रुग्णालयाला आधी कळवणे हिताचे ठरते.